गांचोच्या बाकाचं चित्र

चित्रकलेच्या त्या वर्गातून दोचकाला मिळवायचा होता फक्त एक कागद. तोही फार मोठा नाही, दारावर चिकटवण्याएवढा. मला मिळवायची होती ऊब, कारण वर्ग भरायचा त्या वाचनमंदिराचे रेडिएटर नगरपालिकेच्या खर्चाने तापतात आणि माझे माझ्या. लोझान मास्तरांना हवी होती डोकी. डोकी कमी पडली की वर्ग बंद, आणि वर्ग बंद झाला की मास्तरांना पुन्हा दह्याच्या डब्यांवर गाई रंगवत बसावं लागणार होतं. म्हणजे कलेसाठी आमच्यातलं कुणीच आलं नव्हतं. उभी हयात मी लोणच्याच्या कारखान्यात हिशेब लिहिले. कोण काय घ्यायला आलंय हे मला माणूस दारातून आत येतानाच कळतं. काय देऊन जाणार आहे, ते मात्र बाहेर पडताना.

दोचका माझी शेजारीण, समोरच्या दाराची. तिचा नवरा गांचो आधीच्या मार्चमध्ये गेला. आमच्या बल्गेरियात माणूस मेला की स्मशानात जातो आणि दारावर राहायला येतो. काळ्या चौकटीत फोटो, खाली नाव आणि वय, त्याखाली चार ओळींचं रडकं पद्य, मग दुःखात बुडालेल्यांची यादी. इमारतीच्या दारावर, लिंडनच्या बुंध्यावर, बसथांब्यावर हे पत्रक लागतं. चाळीस दिवसांनी नवं, सहा महिन्यांनी आणखी एक, वर्षाने पुन्हा. पहिल्याचा रंग विटेपर्यंत दुसरं हजर.

गांचोचं पत्रक त्याच्या थोरल्या बहिणीने, साबकाने केलं होतं. दोचका तेव्हा काही करण्याच्या अवस्थेत नव्हती. साबकाने हाताला लागला तो फोटो दिला. बंदरातल्या क्रेनवर जायच्या पासावरचा. फोटोवाल्याने नेमकी टोपी काढायला लावली होती आणि टक्कल उघडं पडल्याचा सगळा राग गांचोच्या भुवयांत उतरला होता. चाळीस दिवसांना तोच फोटो, सहा महिन्यांना तोच.

"भाजी घेऊन येते तर हा माझ्यावर डाफरतो," दोचका मला जिन्यात म्हणाली. "चाळीस वर्षांच्या संसारात कधी आवाज चढवला नाही गं. आता मेल्यावर सुरू केलंय."

"मग दुसरा फोटो दे."

"दुसरा कुठला? लग्नातला आहे. त्यात तो पोरगा आहे, मला नातवासारखा दिसतो. बाकी सगळ्या फोटोंत पाठमोरा. नाहीतर बाटली उघडताना." ती पिशवी खाली ठेवून पायरीवर बसली. "वर्षाचं पत्रक मी करणार. माझ्या हाताने. त्याला काढणार."

"तुला काढता येतं?"

"नाही. म्हणून तर वर्ग लावतेय. तू चल."

हे ऑक्टोबरातलं. घरोघरच्या गच्चीत मिरच्या भाजल्या जात होत्या आणि अख्ख्या वस्तीच्या कपड्यांना तो वास होता. वाचनमंदिरात गेलो तर तिथेही मिरचीच. मास्तरांनी टेबलावर पांढरं फडकं अंथरून एक लाल, लांबोडी मिरची ठेवली आणि म्हणाले, "ही काढा."

लोझान मास्तर पन्नाशीचे, पण थकवा सत्तरीचा. कोटाच्या कोपरांना चामड्याचे तुकडे, आवाज असा की प्रत्येक वाक्य त्यांनी जिना चढून वर आणलंय. आम्ही मिरची काढली. ते मागून फिरत आले, दोचकाच्या कागदापाशी थांबले.

"ही मिरची तुम्ही कुठे पाहिलीत?"

"मास्तर, आयुष्यभर भरतेय मी मिरच्या."

"तेच तर. ही तुम्हाला माहीत असलेली मिरची आहे. टेबलावर आहे तिला देठ वाकडा आहे, आणि पोट एका बाजूने बसलंय. माहीत आहे ते विसरा, दिसतंय ते काढा."

"माहीत आहे ते विसरायला आमच्या वयात वर्ग लागत नाही, मास्तर," मी म्हटलं. पाच-सहा जणी हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी हा विनोद दर वर्षी ऐकला असणार.

पुढल्या आठवड्यात तीच मिरची. त्याच्या पुढल्याही. मिरची सुरकुतली, काळवंडली. कुणीतरी म्हणालं, नवी आणू का? मास्तर म्हणाले, "कशाला? सुकलीय तशी काढा. आता कुठे तिच्यात रेघा दिसायला लागल्यात." हे ते मिरचीबद्दलच बोलत होते, तरी वर्गातल्या सगळ्या बायकांनी आपापला गाल चाचपला.

शिकण्याबद्दल लोक फार गोड बोलतात. मला आलेला अनुभव असा की शिकणं म्हणजे थकवा. सरळ रेघ आपल्याला येते असं साठ वर्षं वाटत असतं आणि मग कुणीतरी ती ओढायला सांगतं. छाया कुठून सुरू होते हे बघायला डोळे बारीक करा म्हणतात, आणि डोळे बारीक केले की मला झोप येते. करड्या रंगाच्या इतक्या छटा असतात हे कळून माझं काही भलं झालं नाही. आधी मला खिडकीतून नुसतं आभाळ दिसायचं, आता न संपणारं काम दिसायला लागलं.

दोचका मात्र थकून थकूनही चिकटून राहिली. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती गांचोचा चेहरा काढायची. नाक जमलं तर डोळे परक्याचे व्हायचे. डोळे जमले तर हनुवटी साबकाची यायची. हे पाहून ती कागद असा काही चुरगळायची की साबका गावाच्या दुसऱ्या टोकाला असूनही मला तिची काळजी वाटायची.

डिसेंबरात ती एकदा माझ्याकडे आली आणि कोट न काढताच बसली.

"स्तोयना, मला तो आठवत नाही."

"असं कसं?"

"म्हणजे आठवतो. खोकताना, बूट काढताना आठवतो. पण कागद पुढे घेतला की चेहरा नाहीसा होतो. चाळीस वर्षं समोर बसून जेवला गं माझ्या, आणि मी बघितलंच नाही. मीठ हवंय का एवढं बघत राहिले."

मी तिला लिंडनच्या फुलांचा चहा करून दिला. दुसरं काही देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं. माझा नवरा जिवंत आहे, आतल्या खोलीत टीव्हीपुढे झोपलेला. ती गेल्यावर मी उठून त्याचा चेहरा नीट बघून आले.

जानेवारीत मास्तरांनी मिरची उचलली आणि तिच्या जागी एक मोडकी खुर्ची ठेवली.

"खुर्ची काढायची नाही," ते म्हणाले. "खुर्चीच्या दांड्यांमधली हवा काढायची. पाठीच्या दोन पट्ट्यांमध्ये जी रिकामी जागा आहे तिचा आकार बघा. पायांमधली जागा बघा. रिकामं बरोबर काढलंत की खुर्ची आपोआप उभी राहते."

"फुकटात खुर्ची मिळतेय, बाई," माझ्या शेजारची म्हणाली.

पण दोचका मान तिरकी करून बघत राहिली, मग काढायला लागली, आणि पहिल्यांदाच तिने खोडरबराला हात लावला नाही. मास्तर मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ तिथेच राहिले. "हं," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे आरती ओवाळून घेतल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं तर दोचका थंडीत खाली उभी. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, बोटं उघडी पडलेले हातमोजे. समोर आमच्या दारापुढचा बाक.

या बाकाबद्दल सांगायला हवं. दोन बाजूंना सिमेंटचे पाय, वर हिरव्या रंगाच्या फळ्या. गांचो क्रेनवरून निवृत्त झाला तेव्हापासून त्याच्या उजव्या टोकाला बसायचा, तळमजल्यावरच्या मिंकोशी सोंगट्या खेळायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "काय, दमलात?" गांचो अंगाने भरलेला. वर्षानुवर्षं बसून बसून ते टोक खोलगट झालं होतं, रंग जाऊन लाकूड गुळगुळीत झालं होतं. उशीवरून डोकं उचलल्यावर राहते तशी खूण. तो गेल्यावर तिथे कुणी बसत नव्हतं. दोचकाला वाटायचं, लोक मान राखतात. खरं कारण निराळं होतं. तिथे एक खिळा वर आला होता, ज्याच्याशी फक्त गांचोच्या विजारीची ओळख होती.

दोचकाने तो बाक दोन महिने काढला. बर्फातला, चिखलातला, कोरडा. शेवटी एक चित्र असं झालं की मी ते पाहिलं आणि दाराशी थांबले. माणूस कुठेच नव्हता. फळ्या होत्या, त्या टोकाला वाकल्या होत्या, आणि त्या वाकण्यावर गांचो बसला होता. दिसत नव्हता, पण बसला होता. आता "काय, दमलात?" म्हणेल असं वाटलं.

"हाच," ती म्हणाली. "हाच पत्रकावर."

खाली उजव्या कोपऱ्यात तिने बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं: गांचो, एक वर्ष. मधे थोड्या मोठ्या अक्षरात: शनिवार, सकाळी दहा. एवढंच. पद्य नाही, यादी नाही.

"आणि चौकट?" मी विचारलं.

"मास्तर म्हणतात, कागदाची कड हीच चौकट. कडेला पुन्हा रेघ मारणं म्हणजे भिंतीला कुंपण घालणं."

"मास्तर काहीही म्हणोत. काळी चौकट घाल, दोचका. लोकांना सवय आहे."

"तुला दिसला ना तो?"

"मला दिसला. मी तुझ्याबरोबर तीन महिने सुकलेली मिरची बघितलीय."

ती ऐकणारी नव्हती. छपाईच्या दुकानातली बाईही म्हणाली म्हणे, "ताई, चौकट राहिली." दोचका म्हणाली, "राहिली नाही, नकोय." बाईने खांदे उडवले. मेलेल्याच्या माणसांशी दुकानदार वाद घालत नाहीत.

बुधवारी आम्ही दोघींनी पत्रकं लावली. दारावर, झाडावर, थांब्यावर. दोचकाने जुनं, डाफरणारं पत्रक नखाने खरवडून काढलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मार्चची हवा होती, लोकांच्या मनगटांवर वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे होते. घरी येताना ती म्हणाली, "शनिवारी सगळी इमारत येईल. त्याला किती जण ओळखायचे." गेलेल्याच्या नावाने स्मशानात गोड गहू वाटतात, त्यासाठी तिने गहू भिजत घातले, अक्रोड फोडायला घेतले.

शनिवारी दहाला स्मशानात आम्ही तिघी होतो आणि पाद्री. दोचका, मी, साबका. वारा सुटला होता. मेणबत्ती पेटायची नाही. दोचका हातात गव्हाचं भलंमोठं भांडं घेऊन फाटकाकडे बघत राहिली.

"थोडं थांबू या, वन्सं," ती साबकाला म्हणाली. "बस उशिरा आली असेल."

"बस वेळेवर आली, मी त्याच बसने आले," साबका म्हणाली. "कोण येणार? मलाच कळलं नसतं, तारीख पाठ आहे म्हणून आले. थांब्यावर बघितलं तुझं पत्रक. मला वाटलं फर्निचरची जाहिरात."

"त्यात गांचो आहे."

"कुठे? बाकाखाली? माझ्या भावाला तोंड होतं, दोचका. नाक होतं, भुवया होत्या. माणूस गेला तर त्याचं तोंड लावतात, त्याच्या बसायच्या जागेचं चित्र लावत नाहीत. आणि माझं नाव? सख्खी बहीण मी, मी दुःखात आहे हे लोकांना कसं कळणार?"

दोचकाने पुन्हा एकदा फाटकाकडे पाहिलं. पाद्र्याने घड्याळ पाहिलं आणि सुरुवात केली. वाऱ्याने अर्धी प्रार्थना शेजारच्या थडग्याला गेली.

परत येताना भांडं तसंच भरलेलं होतं आणि आळीपाळीने धरूनही आमचे हात भरून आले होते. कोपऱ्यावरून वळलो तर साबका थांबली. "हे काय?"

आमच्या दारापुढे सगळी इमारत जमली होती. बाकावर दाटीवाटीने म्हातारे बसले होते, मागे बायका उभ्या, कुणी घरातून स्टुलं आणलेली. पहिल्या मजल्यावरच्या त्या दोघी, ज्या पाण्याच्या गळतीवरून वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या एकाच शालीत होत्या. मधे मिंको उभा. मिंको इमारतीचा कारभारी. विजेच्या दिव्यापासून जिन्याच्या झाडूपर्यंत सगळं त्याच्या ताब्यात, आणि बोलणं सभेत बोलल्यासारखं.

"या, वहिनी, या!" तो दोचकाला म्हणाला. "कुठे होतात? दहापासून बसलोय आम्ही. बघू कोण हलवतो ते!"

"काय हलवतो?"

"बाक! दारावर कागद लावलाय ना नगरपालिकेने. बाकाचं चित्र, शनिवार, सकाळी दहा. परवा पाणी बंद केलं तेव्हाही असाच कागद लावला होता. मी त्याच दिवशी निवेदन लिहिलं, तुम्ही दोघी घरी नव्हतात, बाकी सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि स्वतः नेऊन दिलं. गांचो असता तर म्हणाला असता, शाब्बास मिंको!"

कुणी काही बोलायच्या आत साबकाच बोलली. "तो गांचोच आहे, गाढवा! वर्ष झालं त्याला आज! आम्ही तिकडे तिघीच उभ्या होतो!"

मिंकोचं तोंड उघडंच राहिलं. तो दारापाशी गेला, चष्मा चाचपला, सापडला नाही, शेजारणीचा घेतला, कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. मग त्याने टोपी काढली. ते पाहून बाकावरच्या सगळ्या टोप्या निघाल्या.

"चौकट नव्हती, वहिनी," तो हळूच म्हणाला. "चौकट असती तर..."

दोचका बाकाकडे बघत होती. माणसं एकमेकांच्या मांडीवर बसायच्या बेतात होती, पण उजवं टोक मोकळं होतं. खोलगट जागा जशीच्या तशी.

"तिथे का नाही बसलात कुणी?" तिने विचारलं.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, मिंको, आयुष्यात एकदा खोटं बोल.

"तिथे खिळा आहे, वहिनी," मिंको म्हणाला.

दोचका हसली. वर्षात पहिल्यांदा, तेही असं की भांडं सांभाळायला मला पुढे व्हावं लागलं. "मेला मला कधी बोलला नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि मी वर्षानुवर्षं त्याच्या विजारी शिवतेय." तिने तिथेच गहू वाटायला घेतले. हातावर घास पडला की जो तो म्हणत होता, "देव त्याला क्षमा करो." भांडं रिकामं झालं. साबकाने स्वतःसाठी दोनदा घेतलं.

मला वाटलं होतं, हिशेब इथे मिटला. पण मिंकोचं निवेदन वर गेलं होतं. आमच्या इमारतीपुढे बाक आहे हे नगरपालिकेला आजवर ठाऊक नव्हतं. आता इतक्या सह्यांनिशी ठाऊक झालं. एप्रिलमध्ये एकजण येऊन बाक बघून गेला, फळ्या दाबून बघितल्या, खिळ्याला हात लागला तसा ओरडला. मेमध्ये गाडी आली आणि लोखंडी, करड्या रंगाचा नवा बाक उतरला.

दोचका चपलांवरच खाली धावली. मी मागून. तोवर जुन्या फळ्या गाडीत पडल्या होत्या.

"ती उजव्या टोकाची मला द्या," ती म्हणाली. "एवढी एकच."

"आजी, कुजकी आहे. खिळे आहेत तिच्यात," गाडीवाला म्हणाला.

"एकच खिळा आहे. द्या."

"नोंद झालेला माल आहे, आजी. जेवढा उचलला तेवढा उतरवून द्यावा लागतो." आणि वाईट वाटल्यासारखा पुढे म्हणाला, "नवा चांगला आहे की. बसून तरी बघा."

ती बसली. उजव्या टोकाला. नवा बाक सगळीकडे सारखाच सपाट होता.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी तिने मास्तरांना सगळं सांगितलं. ते खिडकीपाशी टेकून ऐकत होते. डोकी भरली नव्हती, शरदात वर्ग उघडणार नव्हता, हे त्यांना तोवर कळलं होतं.

"मास्तर, माझं चुकलं कुठे?"

"चित्रात नाही चुकलं," ते म्हणाले. त्यांनी कपाळ चोळलं. "चौकट नको, हे मी मिरचीबद्दल बोललो होतो हो."

आता जमाखर्च. साबकाने त्या शनिवारनंतरच्या रविवारीच नवं पत्रक छापून आणलं होतं: काळी चौकट, डाफरणारा गांचो, पद्य, आणि दुःखितांत पहिलं नाव तिचं. ते अजून दारावर आहे. मिंकोला बाक मिळाला. त्यावर हिवाळ्यात गारठून आणि उन्हाळ्यात भाजून बसवत नाही, पण बाक वाचवणारा म्हणून तो वस्तीत मिरवतो. पहिल्या मजल्यावरच्या दोघी बोलू लागल्यात, म्हणजे नव्याने भांडू लागल्यात. नगरपालिकेच्या दप्तरात एक काम पुरं झालं. मास्तर दह्याच्या डब्यांकडे परत गेले. मी दही घेताना गाईंकडे नीट बघते, पायांमधली हवा बरोबर असते. मला एक हिवाळाभर ऊब मिळाली, आणि करडे रंग पदरात पडले ते पडलेच.

दोचकाला कागद मिळाला. तो तिच्या स्वयंपाकघरात टेबलासमोर आहे, ज्या बाजूला गांचो जेवायला बसायचा. परवा मी गेले तेव्हा ती पेन्सिल घेऊन त्याच्यापुढे उभी होती.

"खिळा काढला नव्हता मी," ती म्हणाली. "दिसतंय ते काढा म्हणाले होते मास्तर, आणि तो मला दिसलाच नव्हता. कुठे होता गं तो? कडेला, की मधे?"

त्या टोकाला मी कधी बसलेच नव्हते. तिने पेन्सिल ठेवली आणि भाजी चिरायला घेतली. त्या वर्षाची जमा सगळ्यांच्या नावावर थोडी थोडी निघते, अगदी खिळा लागून ओरडलेल्या त्या नगरपालिकेच्या माणसाच्याही. भरलं एकट्या दोचकाने, बाकाच्या उजव्या टोकाची फळी देऊन.